हसवणारी माणसं घरी गेल्यावर

सावनेरहून बोलतेय. तुम्ही बसमध्ये असाल, होस्टेलच्या गॅलरीत असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, तर ऐकत राहा. आजचा विषय हसण्याचा आहे. म्हणजे हसवणाऱ्या माणसांचा. आणि त्यातही ते स्टेजवरून खाली उतरल्यावर काय करायचे, त्याचा.

सुरुवात एका नावापासून करू. लता मंगेशकर. हे नाव माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण जन्माच्या वेळी त्यांचं नाव हेमा ठेवलं होतं, हे कितीजणांना माहीत आहे? त्यांचे वडील मास्टर दीनानाथ 'भावबंधन' नावाच्या नाटकात लतिका ही भूमिका करायचे. हो, बाईची भूमिका. तेव्हा नाटकात बाया नसायच्या, पुरुषच साडी नेसून उभे राहायचे. त्या लतिकेवरून हेमाची लता झाली.

आता हे 'भावबंधन' लिहिलं कोणी? राम गणेश गडकरींनी. नागपूर जिल्ह्यात बसून नुसतं 'गडकरी' असं सर्च केलं तर आधी महामार्ग आणि उड्डाणपूलच येतील बाप्पा, म्हणून पूर्ण नाव टाका. हे गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. कुठे? इथे. आपल्या सावनेरला. क्षयाच्या आजारानं. वय फक्त ३३. आणि आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत त्यांनी जे नाटक हातावेगळं केलं ते 'भावबंधन'. म्हणजे हातातून पेन सुटायच्या आधी हा माणूस लोकांना हसवायची तजवीज करत होता.

शाळेत आपल्याला गडकरी म्हणजे 'एकच प्याला', दारूनं झालेला संसाराचा नाश आणि रडारड, एवढंच सांगतात. पण हाच माणूस 'बाळकराम' या नावानं विनोदी लेख लिहायचा आणि 'गोविंदाग्रज' या नावानं कविता करायचा. तीन नावं, तीन कप्पे. तुमच्यापैकी कितीजणांचे दोन-दोन इन्स्टा अकाउंट आहेत? एक घरच्यांसाठी, एक दोस्तांसाठी. झालं तर मग, गडकरी तुमच्याच लायनीतले होते.

त्याच 'भावबंधन'नं आणखी एका माणसाचं नाव बदललं. त्यात कामण्णा नावाचं एक विनोदी पात्र आहे. ती भूमिका करायचे दिनकर ढेरे. लोकांना हा कामण्णा इतका आवडला की ढेरे हे आडनावच मागे पडलं. पुढे जन्मभर ते 'दिनकर कामण्णा' याच नावानं ओळखले गेले.

असाच प्रकार तमाशात. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे दोन जुळे भाऊ होते, लहू आणि अंकुश खाडे. ही नावं सांगितली तर कोणी ओळखणार नाही. 'काळू-बाळू' म्हटलं की आजही गावाकडचा म्हातारा माणूस गालात हसतो. 'जहरी प्याला' नावाच्या वगात ते दोघं हवालदार व्हायचे, काळू आणि बाळू. तीच नावं त्यांना चिकटली ती चिकटलीच.

आता इथे थोडं थांबू. ऐकायला मजा वाटते ना? पण विचार करा. आई-बापानं ठेवलेलं नाव जातं आणि पात्राचं नाव राहतं. माणूस बाजारात मेथी घ्यायला गेला तरी लोक म्हणणार, अरे हा बघा तो, काही तरी बोल ना, हसव ना. त्या दिवशी त्याच्या घरात कोणी आजारी असेल तर? त्याला हसायचं नसेल तर?

म्हणून मला आज विनोदी नटांचे नुसते किस्से सांगायचे नाहीत. किस्से तर व्हॉट्सॲपवर ढिगानं फिरतात. मला म्हणायचं आहे की किस्सा ऐकून हसून झालं की एक दुसरा प्रश्न विचारायचा. "काहून?" असं का केलं त्या माणसानं? या दुसऱ्या प्रश्नापाशी खरा माणूस भेटतो. चला, करून बघू.

जरा लांब जाऊ, विलायतेत. तिकडे त्या काळात 'व्हरायटी' नावाचा प्रकार होता. एका रात्रीत एकाच थिएटरात गाणारा, जादूगार, बोलक्या बाहुल्यावाला, कसरती करणारे आणि मधेमधे विनोदी नट. प्रत्येकाला ठरलेली मिनिटं. आपल्याकडच्या लावणी, बतावणी आणि वगाच्या रात्रीसारखंच काहीसं, फक्त थंडी जास्त. या धंद्यात फ्रेड कार्नो नावाचा एक मोठा मालक होता. त्याच्या कंपनीत दोन पोरं होती. एक चार्ली चॅप्लिन आणि दुसरा स्टॅन लॉरेल. हा लॉरेल म्हणजे पुढे 'लॉरेल आणि हार्डी' या जोडीतला बारका. १९१० मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. आपले गडकरी तेव्हा पंचविशीचे होते आणि त्यांचं 'प्रेमसंन्यास' यायला अजून दोन वर्षं होती, असा तो काळ.

दौऱ्यावर चॅप्लिन आणि लॉरेल एकाच खोलीत राहायचे. खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई. लॉरेल गॅसच्या शेगडीवर गुपचूप काही तरी तळायचा. तळताना चर्रर्र आवाज येणार आणि तो घरमालकिणीला ऐकू जाणार. म्हणून चॅप्लिन दाराशी उभा राहून व्हायोलिन वाजवायचा. जोरजोरात. आत चॉप्स तळले जातायत आणि बाहेर मालकीण म्हणतेय, वा, काय कलाकार पोरगा आहे! हा किस्सा लॉरेलनंच नंतर सांगितलेला आहे.

हसलात? आता दुसरा प्रश्न. काहून? बाहेर जाऊन जेवायचं ना! तर पगार बेताचा होता. दौरा लांबलचक, आज या गावात, उद्या त्या गावात. पैसे वाचवायचे म्हणून चोरून तळणं. म्हणजे तो व्हायोलिनचा प्रकार ही नुसती खोडी नव्हती, ती पोटाची सोय होती. पुढे चॅप्लिनच्या सिनेमात उपाशी माणूस बूट शिजवून खातो आणि आपण हसतो. भूक कशी असते ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याची आई थिएटरात गाणारी. एकदा स्टेजवर तिचा आवाज गेला आणि पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी उभं केलं. ती त्याची पहिली एंट्री.

आपल्याकडची संगीत नाटक कंपनी यापेक्षा फार वेगळी नव्हती. कंपनी म्हणजे एक फिरतं गावच. नट, पेटीवाला, तबलजी, आचारी, पडदे रंगवणारा, कपडेपटवाला आणि घर सोडून आलेली लहान लहान पोरं. गडकरींनी नाटकाच्या धंद्यात पाऊल टाकलं ते किर्लोस्कर मंडळीत अशाच पोरांना शिकवायला. एकाच बिऱ्हाडात इतकी माणसं महिनोन्महिने राहणार म्हटल्यावर खोड्या होणारच. ही दुनिया आतून बघायची असेल तर चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी' हे आत्मचरित्र वाचा. हे 'भावबंधन'मध्ये घनश्याम करायचे. १९५८ मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जुनी भाषा आहे, सुरुवातीला जड जाईल. चिकाटी ठेवा, मग सुटत नाही.

पुढचा किस्सा पुण्याचा. राजा गोसावी. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या डोळ्यांत चमक येईल. १९५२ मध्ये राजा परांजपेंचा 'लाखाची गोष्ट' हा सिनेमा आला. राजा गोसावी त्यात हीरो. पुण्याच्या भानुविलास थिएटरात सिनेमा लागला, बाहेर पोस्टर. लोक तिकीट काढायला खिडकीशी गेले, तर आत तिकिटं फाडून देणारा माणूस कोण? राजा गोसावीच! कारण ते त्याच थिएटरात बुकिंग क्लार्क होते. आपल्याच सिनेमाची तिकिटं स्वतःच्या हातानं विकणारा हीरो. लोक पोस्टरकडे बघायचे, मग खिडकीकडे बघायचे.

भारी आहे ना? रील बनली तर लाखभर व्ह्यूज येतील. पण विचारा, काहून? माणसाचं तोंड पोस्टरवर आहे तरी तो खिडकीत का बसलाय? कारण सिनेमात एकदा काम मिळालं म्हणजे दर महिन्याला चूल पेटेल याची खात्री नव्हती. या माणसानं त्याआधी पडेल ते काम केलं होतं. मास्टर विनायकांच्या घरी घरगडी म्हणून होते, मग त्यांच्या कंपनीत ऑफिसबॉय, सुतारकाम, मेकअप, मिळेल ते. खिडकीतला पगार बेभरवशाचा नव्हता. आज तुमच्यातलं कोणी दिवसा डिलिव्हरी करून रात्री स्टँडअपच्या ओपन माइकला जात असेल, तर राजा गोसावींना आपल्या घराण्यातला माना.

आता येऊ दादांकडे. दादा कोंडके. जन्म १९३२, मुंबईच्या नायगावातला. गिरणी कामगारांच्या चाळीतलं बालपण. सेवादलाचं कलापथक, अपना बाजारमधली नोकरी आणि मग १९६५ मध्ये वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा'. हे वगनाट्य लेखकानं मुद्दाम मोकळं ठेवलेलं होतं. म्हणजे दादांना जिथे वाटेल तिथे आजच्या पेपरातली बातमी घुसवायची मुभा. सकाळी मंत्र्यानं काही तरी बोलून ठेवावं आणि रात्री दादांनी ते स्टेजवर धुवून काढावं. दीड हजारांच्या वर प्रयोग झाले. आशा भोसलेंनी हे नाटक पाहिलं आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं. त्यातून १९६९ चा 'तांबडी माती' मिळाला. मग १९७१ मध्ये स्वतःचा 'सोंगाड्या'. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या सिनेमासाठी 'सोंगाड्या'ला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरेंनी शिवसैनिक पाठवले आणि सिनेमा लागला, ही गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल.

दादा म्हटलं की दुहेरी अर्थाचे विनोद. याचाही विलायतेतला भाऊ सांगते. मॅक्स मिलर नावाचा विनोदी नट होता. झगमगीत फुलाफुलांचा सूट, डोक्यावर पांढरी हॅट. स्टेजवर दोन वह्या घेऊन यायचा. एक पांढरी, एक निळी. पांढरीत सभ्य विनोद, निळीत चावट. मग लोकांना विचारायचा, कुठली उघडू? लोक ओरडायचे, निळी! आणि त्याची गंमत अशी की वाक्य तो अर्धंच सोडायचा. उरलेलं प्रेक्षकांनी मनात पुरं करायचं. मग लोक हसले की हाच त्यांना दटावणार, काय रे घाणेरडी लोकं तुम्ही! दादांचीही युक्ती तीच. सेन्सॉरनं विचारलं यात वाईट काय आहे, तर शब्दात काहीच नाही. वाईट आहे ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरनं कात्री लावावी तरी कशाला?

पण दादांच्या बाबतीत दुसरा प्रश्न विचारला की हसू जरा थांबतं. तरुणपणी थोड्याच काळात घरातली जवळची माणसं एकामागोमाग गेली. माणूस पार खचला होता. त्यानंतर लोकांना हसवायचं, हेच त्यांनी धरून ठेवलं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलं आहे. त्याचं नाव काय आहे माहीत आहे? 'एकटा जीव'. ज्याचे लागोपाठ नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि गिनीज बुकात नाव गेलं, ज्याच्यासाठी अख्खा महाराष्ट्र बैलगाड्या जुंपून तालुक्याच्या गावाला गेला, त्याच्या पुस्तकाचं नाव 'एकटा जीव'. १४ मार्च १९९८ ला दादा गेले.

आणि लक्ष्या? लक्ष्मीकांत बेर्डे. आपल्या पिढीनं टीव्हीवर त्यांचे सिनेमे इतके पाहिलेत की डायलॉग पाठ आहेत. मीमसुद्धा त्यांचेच. हा माणूस आधी साहित्य संघात नोकरी करायचा. 'टुरटुर' नाटकानं नाव झालं, १९८५ च्या 'धुमधडाका'नंतर मागे वळून बघितलं नाही. गिटार वाजवायचे, ओठ न हलवता बाहुला बोलता करायचे. पण १९९२ मध्ये 'एक होता विदूषक' नावाचा सिनेमा आला. लिहिणारे पु. ल. देशपांडे, दिग्दर्शक जब्बार पटेल. तमाशातल्या सोंगाड्याची गोष्ट. लोकांना हसवणारा माणूस आतून कसा कोरडा होत जातो, त्याची. लक्ष्मीकांतनं त्यात जीव ओतला. सिनेमाला मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण थिएटरात गर्दी झाली नाही. लोकांना त्यांचा लक्ष्या हवा होता. पडणारा, तोंड वेडंवाकडं करणारा. रडणारा लक्ष्या नको होता. मला हे फार लागतं. त्या सिनेमाची गोष्ट जी होती, तीच सिनेमाच्या बाबतीत खरी झाली.

यातलं टोक म्हणजे टॉमी कूपर. पुन्हा विलायतेतला. उंच, धिप्पाड, डोक्यावर लाल फेज टोपी. जादूचे प्रयोग करायचा आणि ते मुद्दाम फसवायचा. त्याचा एक किस्सा खूप सांगतात. टॅक्सीतून उतरताना भाडं द्यायचं, मग ड्रायव्हरच्या वरच्या खिशात काही तरी सारून म्हणायचं, माझ्याकडून काही तरी प्या. ड्रायव्हरला वाटायचं बक्षिसी मिळाली. बघतो तर खिशात चहाची पुडी!

१५ एप्रिल १९८४ ला लंडनच्या थिएटरातून टीव्हीवर त्याचा कार्यक्रम थेट चालू होता. चालू कार्यक्रमात तो मागच्या पडद्याला टेकून खाली बसला. हृदयविकाराचा झटका आला होता. प्रेक्षक हसत होते. त्यांना वाटलं, हा पण विनोदच. माणूस मरत होता आणि थिएटर हसत होतं. प्रेक्षकांची चूक नव्हती. जन्मभर त्यानंच त्यांना शिकवलं होतं की मी पडलो की हसायचं.

म्हणून म्हणते राजेहो, दुसरा प्रश्न वेळेवर विचारला पाहिजे.

आता विलायत, मुंबई, पुणे सगळं सोडून आपल्या मातीत येऊ. कारण या सगळ्यांबद्दल निदान कोणी तरी पहिला प्रश्न तरी विचारला. किस्से छापून आले, पुस्तकं निघाली. आपल्या विदर्भातल्या हसवणाऱ्यांचं काय?

आपल्याकडे खडी गंमत आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातली. उभ्यानं सादर करायची म्हणून खडी. शाहीर, ढोलकीवाला, चोनका वाजवणारा, बाईचं सोंग घेणारा नाच्या आणि गंमत करणारा गडी. ना पडदा, ना लायटिंग. गावातला चौक हेच स्टेज. पूर्वेला गेलात की झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याचा धानाचा पट्टा. धान निघालं की दिवाळीपासून होळीच्या आगेमागेपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी ती जुनी रीत. या झाडीपट्टीतले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले. लोक त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणतात. पाच हजारांच्या वर प्रयोग केलेत. मला आनंद झालाच. पण एक गोष्ट खटकली. आपल्या माणसाची ओळख करून द्यायलाही दुसऱ्या मोठ्या माणसाचं नाव लावावं लागतं. कामण्णाचं आडनाव पात्रानं नेलं. आपल्याकडच्यांना अजून स्वतःच्या नावानं ओळख मिळायची आहे.

सावनेर तालुक्यातल्याच एका खेड्यात मी एका आजोबांशी बोलले. तरुणपणी गंमतीत नाच्याचं काम करायचे. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलं. त्यांचा किस्सा असा. रात्रभर कार्यक्रम झाला आणि पहाटे पायी निघाले ते थेट आपल्या वावरात पोचले, साडी तशीच अंगावर, तोंडाला पावडर. बैल सोडायला गेले तर बैल बुजले, जवळच येऊ देईनात. आवाज दिला तेव्हा कुठे ओळखलं. सांगताना आजोबा स्वतःच इतके हसले की खोकला लागला. मी पण हसले.

मग विचारलं, आजोबा, कपडे काहून नाही बदलले? तर म्हणाले, कापूस फुटला होता, वेचणीच्या बाया येऊन बसल्या असत्या, घरी जाऊन यायला वेळ नव्हता. आणि त्या रात्रीची बिदागी? गावानं अर्धीच दिली, ती सातजणांत वाटली. मग घरची गोष्ट निघाली. पोराला शाळेत 'नाच्याचा पोरगा' म्हणून चिडवायचे. पोरगा एक दिवस रडत आला. त्या वर्षापासून त्यांनी साडी नेसणं सोडलं. गाणं सोडलं नाही, ढोलकीच्या मागे जाऊन उभे राहिले.

बघा, किस्सा एवढाच की बैल बुजले. पण त्याच्या मागे एक कापसाचा हंगाम आहे, अर्धी बिदागी आहे आणि एक रडणारं पोर आहे. आपण बैलांवर थांबलो असतो तर हे सगळं गेलं असतं. आणि हेही लक्षात घ्या की चिडवणारे कोण होते? रात्री टाळ्या वाजवणारेच. गंमत करणाऱ्याला गावानं रात्री डोक्यावर घेतलं आणि दिवसा खाली ठेवलं. ही आपलीच गावं आहेत.

तर माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या हातात फोन आहे आणि त्यात रेकॉर्डर आहे. तुमच्या गावात, मोहल्ल्यात असा एक तरी माणूस असेल. गंमतवाला, दंडारीतला, झाडीपट्टीतला, गणपतीच्या नाटकात पंचवीस वर्षं विनोदी काम करणारा पोस्टमन, कोणीही. त्याच्याजवळ जाऊन बसा. मी हे काम करते त्यातून चार गोष्टी शिकले, त्या सांगते.

एक. आधी परवानगी घ्या, रेकॉर्ड करू का म्हणून. ऐकवायचं कोणाला, टाकायचं कुठे, ते पण स्पष्ट सांगा. नको म्हटलं तर वही काढा, आणि वहीही नको म्हटलं तर नुसतं ऐका.

दोन. फोन एअरप्लेन मोडवर टाका. अर्ध्या गोष्टीत कंपनीचा कॉल आला की म्हातारा माणूस धागा विसरतो. पंखा बंद करा, त्याचा आवाज फार येतो.

तीन. "तुमचा एखादा गमतीदार किस्सा सांगा" असं म्हणू नका. माणूस गोंधळतो आणि ऐकीव गोष्ट सांगतो. त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. रात्री जेवण कोण द्यायचं? बिदागी किती मिळायची? सामान कशावर न्यायचे? सोंगाचं लुगडं कोणाचं होतं? बायकोचं होतं म्हणाले तर बायकोला पण विचारा. या सगळ्या किस्स्यांत बाया जवळजवळ नाहीतच, लक्षात आलं का? रात्री अडीच वाजता परत आलेल्या कलाकाराला भाकर कोणी वाढली, ते तिलाच माहीत.

चार. किस्सा तपासा. एकच किस्सा गडकरींच्या नावावर, अत्र्यांच्या नावावर आणि पुलंच्या नावावर फिरतो, असं कितीदा तरी दिसतं. म्हणून विचारा, तुम्ही स्वतः तिथे होता का? गाव कोणतं? साल नाही आठवत तर त्या वर्षी पाऊस कसा होता, पोरगी केवढी होती? बरोबर कोण होतं? स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहून ठेवा. ऐकीव किस्सा वाईट नसतो, फक्त तो ऐकीव आहे हे सांगायचं.

आणि शेवटचं. कुणाची टवाळी होईल, कुणाच्या लेकरांना त्रास होईल असं काही कळलं तर ते जपून ठेवा, पण अपलोड करू नका. हसू आणि हसं यात फरक आहे.

विनोद टिकत नाही हो. दुःखाची गाणी शंभर वर्षं गातात, पण मागच्या पिढीचा विनोद पुढच्या पिढीला समजावून सांगावा लागतो. संदर्भ जातात, शब्द जातात, मंत्री बदलतात. दादांनी 'विच्छा'मध्ये त्या-त्या रात्री काय घुसवलं, ते बहुतेक त्या रात्रीबरोबरच गेलं. मग राहतं काय? माणूस राहतो, तोही कोणी त्याच्याबद्दल नीट सांगितलं तरच. गडकरी लिहून गेले म्हणून आपल्याला त्यांचे कामण्णा आणि लतिका वाचता येतात. खडी गंमतवाल्या आजोबांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. त्यांची सगळी लायब्ररी त्यांच्या डोक्यात आहे आणि आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत.

तेव्हा या रविवारी मोकळे असाल तर जा कोणाकडे तरी. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं तरी चालेल. परवानगी असेल तर आम्हाला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू, त्यांच्या स्वतःच्या नावानिशी. आणि जाताना हातात काही तरी घेऊन जा बाप्पा, संत्र्याचा सीझन असेल तर संत्री न्या. रिकाम्या हातानं किस्सा मागायला जाऊ नये.

भेटू पुढच्या भागात. तोवर हसत राहा, आणि हसून झालं की विचारत राहा, काहून?